शिलाईवाल्यांचं पिस्तूल

१

ऑर्व्हिल स्टॉफर यांनी जन्मभर एक नियम पाळला आणि एकदाच तो मोडला म्हणून ते मेले, असं शेरीफचं म्हणणं होतं.

नियम साधा होता. पिस्तूल हातात आलं की आधी स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे ओढायची, आत गोळी नाही ना ते डोळ्यांनी बघायचं, मगच तोंड उघडायचं. समोरच्याने आत्ताच तपासून दिलं असलं तरी आपण पुन्हा तपासायचं. एकदा गावच्या पाद्रीबुवांनी हे केलं नाही, तर ऑर्व्हिलनी त्यांच्या हातातली कॉफी काढून घेतली आणि त्यांना दार दाखवलं होतं.

असा माणूस जानेवारीतल्या एका सकाळी तळघरात आपल्या कामाच्या टेबलाशी छातीत गोळी लागून पडलेला सापडला. टेबलावर तेल, ब्रश, फडकं नीट मांडलेलं होतं. पिस्तूल खाली सिमेंटच्या जमिनीवर, रक्तात पडलं होतं. सापडला तो त्यांच्या लेकीला, नेडीनला. नवऱ्याशी फारकत झाल्यापासून ती वडिलांकडेच राहत होती आणि शाळेची बस चालवत होती.

"साफ करताना सुटली गोळी," शेरीफ म्हणाले. "म्हातारपणी माणूस एकदा तरी विसरतोच, नेडीन." निवडणूक तोंडावर आली होती. कागद लवकर मिटले.

मूठमाती देऊन झाली, शेजाऱ्यांची भांडी परत गेली आणि नेडीन त्या घरात एकटी उरली. मग एका दुपारी ती बस लावून घरी आली, तर स्वयंपाकघरातले खण नीट बंद नव्हते. एरवी ती म्हणाली असती, आपलीच चूक. पण वडिलांच्या झोपायच्या खोलीतली गादीही कुणीतरी उचलून परत ठेवली होती आणि चादरीची घडी उलट्या बाजूने घातली होती. तळघरात भिंतीवर चाळीसेक जुनी लष्करी पिस्तुलं टांगलेली होती. तिने एकेक करून ती मोजली. एकही हललं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो माणूस परत येऊन गेला. दार फोडलेलं नव्हतं. किल्ली मागच्या ओसरीवर दुधाच्या जुन्या बरणीखाली असायची आणि ते ठाऊक असलेली माणसं तिच्याखेरीज जगात तीनच होती, वडिलांसारखेच पिस्तुलांचे वेडे असलेले त्यांचे मित्र. तिघांनाही ती लहानपणापासून काका म्हणत आली होती.

किल्ली तिने आत घेतली, पण त्याने एव्हाना नक्कल करून घेतली असेल तर? त्या रात्रीपासून नेडीन दाराला खुर्ची लावून झोपू लागली. झोप कसली, ती नुसती पडून राही.

२

व्हर्ना टॅकेट यांनी उभा जन्म जिल्ह्यातले गुन्हे शोधण्यात घालवला होता. आता त्या निवृत्त होत्या, अंगाने भारी, एका डोळ्यात मोतीबिंदू, तोंडात सदा पेपरमिंट. नेडीनच्या आईबरोबर त्या चर्चमध्ये गायच्या. नेडीनने फोन केला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मला न्यायला येशील ना? मला गाडी चालवू देत नाहीत. चांगलं करतात."

तळघराचा जिना उतरताना त्या तीनदा थांबल्या. खाली आल्यावर भिंतीकडे बघून म्हणाल्या, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. बाबाने साफ करायला काढलं होतं ते कुठलं?"

नेडीनने शेरीफच्या कचेरीतून परत आलेली पिशवी पुढे केली. आतल्या पिस्तुलावर तांबूस गंजाचे पापुद्रे धरले होते. कुणी रक्त पुसलंच नव्हतं.

"दुसऱ्या महायुद्धात सरकारने शिलाई मशीनच्या कारखान्याला पिस्तुलं करायला लावली होती," नेडीन म्हणाली. "पाचशेच झाली. साठच्या सुमाराला सरकारने जुना माल स्वस्तात विकायला काढला, त्या ढिगात बाबांना हे मिळालं. घरात याला शिलाईवाल्यांचं पिस्तूल म्हणायचे. बाबांचा जीव होता त्यात."

"किती वेळा साफ करायचे?"

नेडीन उत्तर द्यायला गेली आणि थांबली. "कधीच नाही. मूळची झिलई जाते म्हणायचे. हे त्यांनी कधी झाडलंही नाही."

"मग त्या दिवशी काय अंगात आलं होतं?"

तळघर थंडगार होतं. इतके दिवस नेडीन फक्त दाराला भीत होती, आता तिला त्या टेबलाचीही भीती वाटू लागली. नीट मांडलेलं तेल, ब्रश, फडकं. हे वडिलांनी मांडलेलंच नव्हतं.

"एकदा मीच याला हात लावला होता," ती बोलायचं म्हणून बोलली. "सहा वर्षांची असेन. मिठाचं प्रेट्झेल बिस्किट खाऊन. आठवड्याभरात स्लाइडवर गंजाचा डाग उठला. हे तिघं काका अजून चिडवतात, की नेडीनने एका बोटाने हजार डॉलर खाल्ले. बाबांनी डाग घालवला नाही, घालवायचा तर झिलई घासावी लागते. दर नाताळला मात्र भिंग घेऊन तो डाग बघत बसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

व्हर्नाबाईंनी पेपरमिंट या गालातून त्या गालात घेतलं. "अलीकडे हे पिस्तूल घराबाहेर कुणी नेलं होतं?"

"तिघांनीही. हार्लनकाकांनी प्रदर्शनात मांडायला, डेलबर्टकाकांनी फोटो काढायला, वेंडेलकाकांनी स्प्रिंग बघायला. बाबा त्यांना नाही म्हणत नसत."

"चल तर मग," त्या जिन्याकडे बघून सुस्कारल्या. "तुझ्या काकालोकांकडे चहापाण्याला जाऊ. त्यातल्या एकाने तुझ्या बापाला मारलंय."

३

हार्लन बकनर यांचं हमरस्त्यावर बंदुका आणि मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. माणूस रोखठोक. सगळा संग्रह आपल्यालाच विक म्हणून ते मूठमातीच्या दिवसापासून नेडीनच्या मागे लागले होते.

"आमच्यावर संशय घेता होय, टॅकेटबाई?" ते हसले. "अहो, मला कुणाला मारायचं असतं तर मी भिंतीवरचं एखादं रशियन पिस्तूल घेतलं असतं. ती पावाच्या भावात मिळतात. शिलाईवाल्यांचं पिस्तूल झाडायचं आणि वर सिमेंटवर टाकायचं? आमच्यातला माणूस आधी स्वतःचा हात तोडून देईल. हे काम कुणा अडाण्याचं, नाहीतर अपघात."

व्हर्नाबाईंनी मान डोलावली. हे म्हणणं त्यांना पटल्यासारखं दिसलं आणि नेडीनला उगाच हायसं वाटलं.

डेलबर्ट योकम शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. ते जुनी पिस्तुलं झाडायचेसुद्धा, आणि त्यावरूनच त्यांचं ऑर्व्हिलशी वाजलं होतं.

"भांडलो होतो हो आम्ही," ते नाक पुसत म्हणाले. "मी म्हटलं, पिस्तूल काय लोणच्यासारखं मुरवायचं असतं? त्यानं मला खाटीक म्हटलं. शरद ऋतूपासून बोलणं बंद. आता कुणाशी भांडू?" मग त्यांचा आवाज खाली गेला. "निदान रक्त तरी वेळेवर पुसलं असतं ना त्या पोलिसांनी! अजूनही तेलात बुडवून ठेवलं, हळूहळू गंज सोडवला, तर—" आणि नेडीनकडे लक्ष जाताच ते शरमेने पुन्हा नाक पुसू लागले.

वेंडेल प्रूइट गावचे दंतवैद्य होते. नेडीनचा पहिला दात त्यांनीच काढला होता. त्यांनी तिला न विचारता गरम कोको केला, तिला आवडतो तसा, वर दालचिनी भुरभुरून. व्हर्नाबाईंनी बोलता बोलता टेबलावरचं एक रशियन पिस्तूल उचललं. वेंडेलनी ते हळूच रुमालात घेतलं, स्लाइड ओढून आत बघितलं आणि बाईंची बोटं लागली होती तिथे तिथे पुसलं.

"राग मानू नका. बोटात मीठ असतं. लोखंडाला ते एका रात्रीत खातं."

"पावाच्या भावाचं ना ते?"

"लेकरू गरिबाचं असलं तरी नाक पुसायचं असतं, बाई." मग ते नेडीनकडे वळले. त्यांचा आवाज फार मऊ होता. "त्या घरात एकटी राहू नकोस, पोरी. माझ्याकडे येऊन राहा. नाहीतर निदान दिवसा कुठे जातेस, कधी येतेस, ते मला सांगत जा."

नेडीनच्या डोळ्यांत पाणी आलं. या तिघांतला एक खुनी असला तर तो वेंडेलकाका नसावा, असं तिने मनोमन मागून घेतलं.

४

व्हर्नाबाईंच्या कोटाचं बटण लोंबत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे सोडून नेडीन कोट घेऊन घरी आली आणि आईचा शिवणाचा डबा उघडला. रिळांच्या खाली, गुंड्यांच्या पिशवीत तिच्या हाताला काहीतरी गार, चपटं लागलं. पिस्तुलाचं मॅगझिन, गोळ्या भरायची चपटी डबी. वर निळसर काळं, खाली करडं, तलम फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं.

शिलाईवाल्यांच्या पिस्तुलाचं मॅगझिन शिवणाच्या डब्यात. वडिलांना असली गंमत आवडायची. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी कळलं, की तो माणूस घरात काय शोधतो आहे. मूळ मॅगझिनशिवाय असल्या पिस्तुलाची जोडी पुरी होत नाही, आणि पिस्तूल कुणाला दिलं तरी बाबा मॅगझिन घरीच ठेवत.

पण जोडी पुरी करायची कुणाला गरज? पिस्तूल तर इथेच पिशवीत गंजत पडलं आहे.

तेवढ्यात खालच्या तळघरात एक खण करकरला.

नेडीन जागची हलली नाही. बाहेर लख्ख दुपार होती, बर्फावर ऊन पडलं होतं, आणि तिच्या पायाखाली एक माणूस सावकाश, एकेक खण उघडत होता. तिची गाडी दवाखान्यापाशीच बंद पडली होती. ती शेजारणीबरोबर आली होती. घर रिकामं आहे असंच त्याला वाटत असणार. तिने मॅगझिन छातीशी धरलं. घशातून आवाज फुटेल म्हणून दुसऱ्या हाताची मूठ तोंडात घातली.

पावलं जिन्याशी आली. दोन पायऱ्या चढली. थांबली. स्वयंपाकघराचं दार आतून नुसतं लोटलेलं होतं.

रस्त्यावर बर्फ काढायचा ट्रक घरघरत आला. पावलं वळली, तळघराचं मागचं दार हलकेच लागलं. नेडीन खिडकीशी जाऊन बघू शकली असती. तिचे पाय उठलेच नाहीत. पुढे कित्येक दिवस तिला त्याचीच लाज वाटत राहिली.

५

"बरं झालं नाही बघितलंस ते," व्हर्नाबाई म्हणाल्या. मॅगझिन त्यांनी हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं. "आता रविवारी चर्चनंतर तिघांनाही जेवायला बोलाव. बीनचं सूप, मक्याचा पाव, सफरचंदाचा केक. आणि ते जेवायला आत येतील तेव्हा तू सिंकपाशी उभी राहायचंस. गरम पाणी, साबण आणि तारेची घासणी. ते गंजलेलं पिस्तूल खसाखसा घासायचं."

"आणि?"

"आणि काही झालं तरी मागे वळायचं नाही. तू वळलीस तर ते तुझ्याकडे बघतील. त्यांनी पिस्तुलाकडे बघायला हवं."

"माझी पाठ त्याच्याकडे असेल, व्हर्नाबाई."

"असेल," त्या म्हणाल्या. खोटा धीर देण्याची त्यांना सवय नव्हती. "शेरीफच्या कचेरीतला माझा जुना हाताखालचा माणूस, लोवेल, कोठीत बसलेला असेल. मी चुलीशी असेन. आंधळ्या म्हातारीकडे कोण बघतं?"

रविवारी नेडीन सिंकपाशी उभी राहिली. ओसरीवर बूट आपटून बर्फ झाडल्याचे आवाज आले. दार उघडलं, थंड वारा तिच्या मानेला लागला. तिने घासणी स्लाइडवर ठेवली आणि जोर केला. लोखंड किरकिरलं.

"अगं ए बये! काय करतेस?" हार्लनकाकांचा आवाज फाटला. "सोड! सोड म्हणतो ना ते!"

धावत्या पावलांनी कुणीतरी आलं आणि तिच्या साबणाच्या हातातून पिस्तूल हिसकावलं. डेलबर्टकाका. ते पाणी निथळतं पिस्तूल आपल्या रविवारच्या कोटात गुंडाळून उराशी धरत होते. "तेल! तेल आणा कुणीतरी! उरलंसुरलं तरी वाचवू द्या!"

नेडीन मागे वळली नाही. तिने फक्त कान दिला.

तिसऱ्या माणसाने खुर्ची ओढली. मांडीवर रुमाल पसरल्याची सळसळ झाली. मग बशीला काटा लागल्याचा बारीकसा आवाज आला. तो केक खात होता.

६

"वेंडेल," चुलीजवळून व्हर्नाबाई म्हणाल्या, "केक बरा झालाय ना?"

वेंडेल प्रूइट यांनी काटा खाली ठेवला. "मला धक्का बसला होता. काही सुचलं नाही."

"परवा पावाच्या भावाच्या रशियनाला माझं बोट लागलं, ते तुम्हाला बघवलं नाही. आज जगातलं दुर्मीळ पिस्तूल तारेने घासलं जातंय, तर तुम्हाला भूक लागली."

"ते आधीच गेलेलं होतं."

"गेलेलं नव्हतं," डेलबर्ट हळू आवाजात म्हणाले. "तेलात ठेवलं असतं तर बरंचसं वाचलं असतं. तूच तर शिकवलंस आम्हाला, वेंडेल." आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"हार्लन म्हणाले, त्यांच्यातला माणूस हे पिस्तूल झाडणार नाही, सिमेंटवर टाकणार नाही," व्हर्नाबाई बोलत राहिल्या. "खरंच आहे. म्हणून मी म्हटलं, एकच माणूस टाकेल. हे शिलाईवाल्यांचं नाहीच हे ज्याला ठाऊक आहे, तो. स्प्रिंग बघायला म्हणून नेलंत आणि साध्या पिस्तुलावर कारखान्याची अक्षरं कोरून हे परत केलंत. दातांचं नाजूक काम करणारे हात. ऑर्व्हिलला नाताळात ते कळलं. जुना मित्र म्हणून त्याने चारचौघांत काढलं नाही, एकट्याला बोलावलं. त्याला मारून हे खोटं पिस्तूल तुम्ही नुसतं घेऊन गेला असता, तर चोरी झाली म्हणून आधी तुम्हा तिघांच्याच घरांची झडती झाली असती. म्हणून खोटं इथेच ठेवायचं, पण कुणी निरखून बघू शकणार नाही असं करून. तुम्ही त्याच्यावर रक्त राहू दिलंत, वेंडेल. मीठ एका रात्रीत खातं."

स्वयंपाकघरात सूप उकळत होतं. वेंडेलनी कोटाच्या खिशात हात घातला. हार्लन मागे सरले, कोठीचं दार किंचित उघडलं. खिशातून पांढरा रुमाल निघाला. वेंडेलनी त्याने ओठ टिपले.

"नियम त्यांनी कसा मोडला?" नेडीनने विचारलं. आता ती वळली होती. "बाबा तपासल्याशिवाय देणार नाहीत."

"मोडलाच नाही गं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "त्यानं तपासून दिलं. मग यांनी घेऊन तपासलं, तुमच्या रीतीप्रमाणे. स्लाइड उघडली आणि खिशातली गोळी आत घातली. कुणी पिस्तूल तपासताना तुझा बाप मान खाली घालून वाट बघायचा. रीत पाळणाऱ्या माणसाला भ्यायचं असतं, हे त्याला कुठे ठाऊक होतं?"

लोवेल कोठीतून बाहेर आला. वेंडेल उठले, त्यांनी खुर्ची टेबलाखाली नीट सारली.

"खरं पिस्तूल टाकून देणं तुमच्याने झालं नसेल," व्हर्नाबाई म्हणाल्या. "म्हणून तर मॅगझिनसाठी जीव टांगणीला लागला. कुठे ठेवलंय?"

वेंडेल लोवेलच्या हातांकडे बघून म्हणाले, "माडीवर, कपाटात, लोकरी मोज्यात. या पोराला सांगा, उघड्या हाताने धरू नकोस म्हणावं."

नेडीनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तिला आठवला तो त्यांचा कोको, दालचिनी भुरभुरलेला. इतक्या दिवसांची भीती त्या क्षणी गेली असं काही झालं नाही. उलट ती भीतीच तिथून पुढे कायमची घरात राहायला आली.

७

खरं पिस्तूल खटला संपल्यावर परत आलं. वेंडेलच्या वकिलाने कोर्टात सांगून बघितलं होतं, की हे ऑर्व्हिलचंच कशावरून? पाचशेतलं दुसरं एखादं असेल.

तेव्हा जिल्ह्याच्या तज्ज्ञाने स्लाइडवरचा तो गंजाचा डाग भिंगाखाली धरला. खोट्या पिस्तुलावरही वेंडेलनी तसाच डाग आम्लाने पाडला होता, पण सिमेंटवर पडताना ती बाजू वर राहिली, म्हणून तो भाग रक्त आणि गंजातून बचावला, आणि नेडीनची घासणीही दुसऱ्याच बाजूवर चालली होती. भिंगाखाली तो शाईच्या थेंबासारखा सपाट दिसला. खऱ्यावरच्या डागात बारीक बारीक रेषा होत्या, गोल फिरत गेलेल्या. सहा वर्षांच्या पोरीचा अंगठा. माणूस वाढतो, रेषा बदलत नाहीत. नेडीनचा अंगठा शाईत बुडवून शेजारी ठेवला आणि ज्युरीने एकेक करून भिंगातून बघितलं.

नेडीननेही बघितलं, जन्मात पहिल्यांदा. वडील दर नाताळला भिंग घेऊन काय बघत बसायचे ते तिला तिथे, भरल्या कोर्टात कळलं. ती समजत होती, म्हातारा नुकसान मोजतो. पिस्तूल बदललंय हे त्यांना कोरलेल्या अक्षरांवरून कळलं नव्हतं. त्या नाताळला भिंगाखाली लेक दिसली नाही, एवढंच झालं होतं. तिला कुणी धरून बाहेर नेलं आणि ती रडत राहिली.

हार्लनकाका भाव सांगायला घरी आले, डेलबर्टकाका सोबत. दोघांनी पाळीपाळीने पिस्तूल उघडून आत बघितलं. हार्लननी मॅगझिन घातलं, जोडी पुरी केली.

"डाग नसता तर दुप्पट किंमत आली असती," ते सवयीने म्हणून गेले आणि मग खाकरले. "विकायचंय का तुला?"

"हातमोजे घाल गं," डेलबर्ट म्हणाले.

नेडीनने पिस्तूल उघड्या हाताने घेतलं. स्लाइड ओढली, आत बघितलं, रिकामं होतं. मग आपला अंगठा त्या डागाच्या शेजारी ठेवून तिने जोराने दाबला, आणि न पुसता ते आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवून दिलं.